कोल्हापूर ते मुंबई हवाई अंतर नक्की किती? एकाच प्रश्नाला पाच आकडे का येतात?

कागलच्या एका ताईंचा प्रश्न आहे. मुलगा आठवीत आहे. भूगोलाच्या प्रकल्पासाठी त्याला कोल्हापूरहून मुंबईचं हवाई अंतर लिहायचं आहे. शोधलं तर एका ठिकाणी 290 किलोमीटर, दुसरीकडे 308, तिसरीकडे 309 मिळालं. कुठे नुसतंच 191, कुठे 166. शेजारचे काका म्हणाले, "अहो, पावणेचारशे आहे, आयुष्यभर गाडी चालवतोय." ताईंनी विचारलंय की यातलं खरं कुठलं, आणि मुलानं वहीत काय लिहायचं.

मी चोवीस वर्षं विमान कंपनीत फ्लाइट डिस्पॅचर होतो. पायलट विमान उडवतो. डिस्पॅचर जमिनीवर बसून त्या उड्डाणाचा मार्ग, उंची, इंधन आणि उतरता आलं नाही तर कुठे जायचं, हे सगळं ठरवतो. त्या कागदावर त्याची आणि कॅप्टनची, दोघांची सही असते. त्यामुळे अंतराचा आकडा ही माझ्या रोजच्या कामातली गोष्ट होती, आणि या प्रश्नाला मी एका ओळीत उत्तर देणार नाही.

ताई, आधी वहीत लिहायचं उत्तर घ्या: कोल्हापूरचा उजळाईवाडी विमानतळ ते मुंबई विमानतळ, सरळ हवाई अंतर सुमारे 308 किलोमीटर. पण तुम्हाला सापडलेले बाकीचे आकडेही चुकीचे नाहीत. काकांचाही नाही. प्रत्येक आकडा वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे.

सोपं तेवढं आधी उरकतो. काकांचे पावणेचारशे हे पुण्यावरून जाणाऱ्या महामार्गाचं अंतर. रेल्वेने तर ते पाचशेच्या वर जातं, कारण महालक्ष्मी एक्सप्रेस आधी पूर्वेला मिरजेकडे जाते आणि मग सांगली, सातारा, पुणे करत वर चढते. 191 आणि 166 हे आकडे 308 किलोमीटरचेच आहेत, फक्त एकक वेगळं. जमिनीवरचा मैल 1.609 किलोमीटरचा, त्या मैलांत 191 होतात. विमानात आणि जहाजावर चालतो तो सागरी मैल, म्हणजे नॉटिकल माइल, 1.852 किलोमीटरचा. त्यात 166. कॅप्टन घोषणेत नुसतं "माइल्स" म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हाच मैल असतो.

आता 290 कडे या. हा आकडा शहराच्या मध्यापासून शहराच्या मध्यापर्यंतचा आहे. कोल्हापूरचा मध्य म्हणजे महाद्वार, बिंदू चौकाचा परिसर, आणि मुंबईचा मध्य म्हणून बहुतेक नकाशे दक्षिण टोकाचा फोर्ट भाग धरतात. विमान फोर्टात उतरत नाही. ते आणखी उत्तरेला, सांताक्रूझ-अंधेरीच्या बाजूला उतरतं. इकडे आपलं उजळाईवाडीही शहराच्या आग्नेयेला आहे, म्हणजे मुंबईच्या उलट दिशेला. दोन्ही टोकांनी रेषा थोडी थोडी ताणली जाते आणि 290 चे 308 होतात. तेव्हा "कोल्हापूर ते मुंबई" असं म्हणून भागत नाही. कोल्हापुरातली कुठली जागा आणि मुंबईतली कुठली, ते सांगावं लागतं.

विमानतळ हलला तर अंतरही हलतं. 2008 साली हैदराबादचा विमानतळ बेगमपेठेतून शमशाबादला गेला आणि बंगळूरचा एचएएल या विमान कारखान्याच्या धावपट्टीवरून देवनहळ्ळीला. कोल्हापूरहून मोजलं तर हैदराबाद सात-आठ किलोमीटरने जवळ आलं आणि बंगळूर सुमारे अठरा किलोमीटरने. शहरं जागच्या जागीच होती. ऑक्टोबर 2025 मध्ये उद्घाटन झालेल्या नवी मुंबई विमानतळापर्यंत मोजलंत, तर 308 ऐवजी सुमारे 288 येतील. उद्या एखाद्या तक्त्यात कोल्हापूर-मुंबई 288 दिसलं तर गोंधळू नका, खाली विमानतळ कुठला लिहिलाय ते बघा.

आता माझा आवडता भाग. हा आकडा मुलाला कुठूनही उतरवून घेऊ देऊ नका, त्याला काढायला लावा. ॲटलास, पेन्सिल आणि वर्गमूळ येत असलं की झालं.

सागरी मैल मुद्दाम असा ठरवलाय की अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जवळजवळ एक सागरी मैल. एका अंशाची साठ मिनिटं, म्हणजे एक अंश साठ मैल. 1929 साली मोनॅकोतल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत त्याची लांबी 1852 मीटर अशी कायमची पक्की झाली, पण मूळ कल्पना हीच. म्हणून उत्तर-दक्षिण अंतराला गणित जवळपास लागतच नाही. उजळाईवाडी 16 अंश 40 मिनिटांवर आहे, मुंबई विमानतळ 19 अंश 5 मिनिटांवर. फरक 2 अंश 25 मिनिटं, म्हणजे 145 मिनिटं, म्हणजेच 145 सागरी मैल.

पूर्व-पश्चिम मोजताना एक अडचण येते. रेखांशाच्या रेषा संत्र्याच्या फोडींसारख्या असतात, मध्ये रुंद आणि ध्रुवांकडे निमुळत्या. विषुववृत्तावर रेखांशाचं एक मिनिट एक सागरी मैल भरतं, पण आपल्याकडे येईपर्यंत ते आक्रसतं. किती आक्रसतं हे त्या अक्षांशाचा कोसाइन सांगतो. कोसाइन शाळेत पुढे शिकवतील. तोवर मुलाला एवढंच सांगा की कोल्हापूर आणि मुंबईच्या मधोमध, 18 अंशांच्या आसपास, तो 0.951 असतो. उजळाईवाडीचा रेखांश 74 अंश 17 मिनिटं, मुंबईचा 72 अंश 52 मिनिटं. फरक 85 मिनिटं. त्याला 0.951 ने गुणलं की सुमारे 81 मैल.

आता 145 आणि 81 या काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू झाल्या. पायथागोरस लावा. 145 चा वर्ग 21,025. 81 चा वर्ग 6,561. बेरीज 27,586. वर्गमूळ 166 च्या किंचित वर. 1.852 ने गुणा, 308 किलोमीटर. संगणकाने काढलेल्या उत्तरात आणि यात अर्ध्या किलोमीटरचाही फरक पडत नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वरिष्ठांनी मला असं पाठकोऱ्या कागदावर करून दाखवलं होतं. तेव्हापासून संगणकाचं उत्तर या पद्धतीने ताडून पाहिल्याशिवाय मी सही केली नाही. माणूस आकडा भरताना एखादा अंक चुकवतो, आणि यंत्र त्या चुकलेल्या अंकावर अगदी बिनचूक उत्तर काढून देतं.

पृथ्वी गोल असताना सपाट त्रिकोण कसा चालतो, असं मुलगा विचारेल. विचारायलाच हवं. तीनशे किलोमीटरच्या पट्ट्यात वक्रता इतकी थोडी असते की ती जाणवत नाही. हजार-दीड हजाराच्या पुढे मात्र गोलावरचं गणित घ्यावं लागतं. त्याचं प्रचलित सूत्र म्हणजे हॅवरसाइन. पूर्वी जहाजावरचे लोक त्याचे छापील तक्ते बाळगत. या नावातला "साइन" मूळचा आपल्याकडचा "ज्या", हे मुलाला जरूर सांगा. आर्यभटाने पाचव्या शतकाच्या अखेरीस ज्यांचा तक्ता दिला, तो शब्द अरबीत गेला, तिथून लॅटिनमध्ये भाषांतर होताना त्याचा "सायनस" झाला आणि परत आपल्या पाठ्यपुस्तकात आला तो साइन होऊन.

308 आणि 309 हा एका किलोमीटरचा फरकही ताईंच्या नजरेतून सुटलेला नाही. तो पृथ्वीच्या आकारामुळे पडतो. पृथ्वी नेमका गोल नाही, ध्रुवांकडे जरा चपटी आहे. विषुववृत्ताकडची त्रिज्या 6,378 किलोमीटर, ध्रुवाकडची 6,357. जी संकेतस्थळं सरासरी 6,371 धरून साधा गोल मानतात त्यांना 308.6 मिळतं आणि ती 309 लिहितात. जी चपटा आकार धरतात त्यांना 307.7 मिळतं, ती 308 लिहितात. आपल्या अक्षांशांवर उत्तर-दक्षिण एक अंश साधारण 110.7 किलोमीटरचा असतो, सरासरी गोलात मात्र तो 111.2 धरला जातो. म्हणून कोल्हापूर-मुंबईसारखा उत्तरेकडे झुकलेला मार्ग साध्या गोलावर लांब दिसतो. हैदराबादकडे, जवळजवळ सरळ पूर्वेला, हेच उलटं होतं आणि गोल थोडं कमी दाखवतो. प्रवाशाला या एका किलोमीटरने काही फरक पडत नाही. पण धावपट्टीचं टोक नेमकं कुठे आहे हे उपग्रहाला सांगायचं असेल, तर सगळ्यांनी एकच आकार धरावा लागतो. भारताचे जुने नकाशे सर्वेक्षक जॉर्ज एव्हरेस्टच्या नावाच्या वेगळ्या लंबगोलावर काढलेले होते. 1 जानेवारी 1998 पासून जगभरच्या विमानवाहतुकीसाठी डब्ल्यूजीएस-84 हा एकच आकार ठरला.

आता मी ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो मुद्दा. शाळेत विज्ञानात अंतर आणि विस्थापन असा धडा असतो. घरातून निघून गल्लीबोळांतून तुम्ही जेवढं चालता ते अंतर. निघालेल्या जागेपासून पोचलेल्या जागेपर्यंतची सरळ लांबी ते विस्थापन. ज्याला सगळे "हवाई अंतर" म्हणतात ते या अर्थाने विस्थापन आहे. विमान तेवढंच उडतं असं त्यातून कळत नाही. विमान 308 किलोमीटर कधीच उडत नाही, नेहमी जास्तच उडतं.

उजळाईवाडीची धावपट्टी 07/25 आहे. म्हणजे विमान एक तर 70 अंशांकडे, साधारण पूर्वेला तोंड करून उडतं, नाही तर 250 अंशांकडे, नैऋत्येच्या जरा पश्चिमेला. मुंबईची दिशा 331 अंश, उत्तर-वायव्य. 25 वरून उडालं तर उजवीकडे ऐंशी अंश वळावं लागतं. 07 वरून उडालं तर आधी मुंबईच्या उलट्या बाजूला जाऊन डावीकडे जवळजवळ शंभर अंशांचा फेरा घ्यावा लागतो. तिकडे मुंबईत वर्षातले बरेच दिवस वारा पश्चिमेकडून असल्यामुळे विमानं 27 वर, म्हणजे पश्चिमेला तोंड करून उतरतात. दक्षिणेकडून आलेल्या विमानाला थेट घुसता येत नाही. त्याला पूर्वेच्या बाजूला जाऊन, रांगेत लागून, घाटकोपरच्या डोक्यावरून यावं लागतं. मधला प्रवासही नकाशावर ठरवून ठेवलेल्या बिंदूंवरून होतो. हे बिंदू वाहतूक एकमेकांपासून दूर राहावी म्हणून असतात, अंतर वाचावं म्हणून नसतात.

त्यात थांबण्याची वेळ आली तर विमान हवेत उभं राहू शकत नाही. ते लंबगोल फेऱ्या मारतं. एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, परत एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण. एका फेरीला चार मिनिटं. 220 नॉट, म्हणजे ताशी 220 सागरी मैल, वेग धरला तर चार मिनिटांत सुमारे 27 किलोमीटर झाले. तीन फेऱ्यांत ऐंशी. मुंबईच्या गर्दीच्या वेळी हे नेहमीचं होतं. छोट्या पल्ल्यावर मी सरळ अंतरापेक्षा दहा-पंधरा टक्के जास्तच धरून चालायचो, आणि पावसाळ्यात त्याहून जास्त.

विमान वर असतं म्हणून अंतर वाढत असेल, असं पुष्कळांना वाटतं. वाढतं, पण किती ते बघा. 18,000 फुटांवर, म्हणजे साडेपाच किलोमीटर उंचीवर, 308 किलोमीटरच्या रेषेत जेमतेम अडीचशे-पावणेतीनशे मीटरांची भर पडते. रंकाळ्याला फेरी मारणारा माणूस चार मिनिटांत तेवढं चालतो.

एका जुलैतली गोष्ट सांगतो. मी सुट्टीवर घरी येत होतो, प्रवासी म्हणून. मुंबईहून निघालो, वेळेत कोल्हापूरवर आलो, पण ढग इतके खाली होते की धावपट्टी दिसेना. खाली वडील न्यायला आले होते. त्यांना इंजिनाचा आवाज येत होता, विमान दिसत नव्हतं. तीन फेऱ्या झाल्या, कॅप्टनने निर्णय घेतला आणि आम्ही परत मुंबईला उतरलो. जवळजवळ सातशे किलोमीटर उडालो आणि विस्थापन शून्य. शेजारचे गृहस्थ चिडले होते, वीस मिनिटं अजून थांबले असते तर काय बिघडलं असतं, असं म्हणत होते. मी त्यांना इंधनाचा हिशोब सांगितला. नुसतं मुंबई ते कोल्हापूर पुरेल एवढं इंधन भरून कोणी निघत नाही. प्रवासाचं इंधन, त्यावर अनपेक्षित गोष्टींसाठी काही टक्के, मग ठरलेल्या पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि त्याही वर अर्धा तास घिरट्या घालता येतील असं राखीव, ज्याला हात लागला तर ती आणीबाणी समजतात. पर्यायी म्हणून बेळगाव धरलं तर ते कोल्हापूरहून जेमतेम 96 किलोमीटर. पण पावसाळ्यात जो ढग आपल्यावर असतो तो बऱ्याचदा त्यांच्यावरही असतो. पुणे 216 किलोमीटर. म्हणून अशा दिवशी लांबचा पण मोकळं आभाळ असलेला विमानतळच शहाणपणाचा. त्या दिवशीचा कागद मी केला असता तरी हेच लिहिलं असतं.

वेळेचंही असंच. एटीआर जातीचं, पंख्यांचं छोटं विमान सुमारे 270 नॉट वेगाने जातं असं धरलं तर 166 मैलांना 37 मिनिटं लागायला हवीत. वेळापत्रकात तुम्हाला त्यापेक्षा बरंच जास्त दिसेल, कारण ते विमान जागचं हललं तिथपासून परत जागी उभं राहीपर्यंतची वेळ मोजतात. त्याला ब्लॉक टाइम म्हणतात. हे शब्द प्रवाशानेही लक्षात ठेवावेत, कारण आपल्याकडे ऐनवेळी उड्डाण रद्द झालं तर भरपाईची कमाल मर्यादा या ब्लॉक टाइमवर ठरते: एक तासापर्यंत 5,000 रुपये, दोन तासांपर्यंत 7,500, त्यापुढे 10,000. मूळ भाडं आणि इंधन शुल्क मिळून यापेक्षा कमी असेल तर तेवढंच मिळतं, आणि कारण हवामानाचं असेल तर ही भरपाई लागू होत नाही. युरोपात मात्र भरपाई सरळ हवाई अंतरावर ठरते, 1,500 आणि 3,500 किलोमीटर असे टप्पे आहेत. म्हणजे ताईंचा हा शाळकरी प्रश्न तिकडे पैशांचा प्रश्न होतो.

प्रदूषणाचा हिशोब करतानाही सरळ अंतर पुरत नाही हे मान्य केलेलं आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटना कार्बन मोजताना 550 किलोमीटरपेक्षा कमी अंतरात सरसकट 50 किलोमीटर मिळवते. आपले 308 तिथे 358 होतात. माझ्या दहा-पंधरा टक्क्यांशी हे फार लांब नाही.

लांबच्या पल्ल्याचं थोडक्यात सांगतो, कारण आता कोल्हापुरात गल्लीतल्या कुणाचं ना कुणाचं पोर अमेरिकेत असतं. शाळेच्या सपाट नकाशावर मुंबई ते न्यूयॉर्क पट्टीने रेष ओढली तर ती अरबस्तान, आफ्रिकेची उत्तर कड आणि अटलांटिक अशी जाते. तो मार्ग सुमारे 14,200 किलोमीटरचा. पृथ्वीगोलावर दोरा ताणून बघा. दोरा आपोआप उत्तरेला सरकतो, आइसलँडच्या पूर्वेला पोचतो आणि मग खाली न्यूयॉर्कला उतरतो. हा मार्ग सुमारे 12,530. जानेवारी 2021 मध्ये एअर इंडियाच्या महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरला विमान आणलं ते उत्तर ध्रुवावरून, ते याच भूमितीमुळे. अर्थात आकाशालाही हद्दी असतात. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय विमानांना बंद केलं आणि दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या उड्डाणांचा मार्ग एका रात्रीत लांबला. दिल्ली-लंडनचं हवाई अंतर मात्र होतं तेवढंच राहिलं.

प्रकल्पात ताई, मुलाला 308 लिहू दे, शेजारी "उजळाईवाडी ते मुंबई विमानतळ, सरळ रेषेत" असं लिहू दे आणि वरचं त्रिकोणाचं गणित त्याच्या हस्ताक्षरात असू दे. खाली रस्त्याचं अंतर द्यावं, काकांचं नाव घालून. आणि त्याला समजलंय का हे बघायचं असेल तर हैदराबाद काढायला सांगा. शमशाबाद 17 अंश 14 मिनिटं उत्तर, 78 अंश 26 मिनिटं पूर्व, आणि 17 अंशांचा कोसाइन 0.956. उत्तर 445 किलोमीटरच्या आसपास यायला हवं. 465 आलं, तर कोसाइनने गुणायचं राहिलंय.